रिकामपणाचे उद्योग?

परवा पावसात पिशोरची लाइट गेली आणि पाठोपाठ मोबाइलची रेंजही. बचत गटाला जमलेल्या आम्ही बायका एकमेकींची तोंडं बघत बसलो. तेव्हा मला भारती प्रसाद आठवल्या.

भारतीताई घरसंसार सांभाळणाऱ्या गृहिणी. छंद मात्र हॅम रेडिओचा. म्हणजे सरकारी परीक्षा देऊन, परवाना काढून, स्वतःच्या यंत्रावरून जगभर बोलायचं. ही हौशी मंडळी आफ्रिकेतल्या आडरानात, निर्जन बेटांवर यंत्रं घेऊन जातात आणि तिथून देशोदेशीच्या लोकांशी बोलतात. डिसेंबर २००४ मध्ये भारतीताई अशीच मोहीम घेऊन अंदमानला गेल्या. तिथे कित्येक वर्षं याची परवानगी नव्हती; ती त्यांनी चिकाटीने मिळवली. २६ डिसेंबरला त्सुनामी आली, फोन बंद पडले, पण त्यांचा रेडिओ बोलत राहिला. ‘तुमचं माणूस सुखरूप आहे’ हे निरोप त्यावरून घरोघरी गेले. १९९३ च्या किल्लारी भूकंपातही हॅमवाले असेच धावून आले होते.

बाईच्या छंदाला आपल्याकडे ‘रिकामपणाचे उद्योग’ म्हणतात. भारतीताईंनी तसंच मानलं असतं तर?

मैत्रिणींनो, या रेडिओला टॉवर लागत नाही, बॅटरीवरही तो चालतो. परीक्षा बारा वर्षांपुढच्या कुणालाही देता येते. लेकीने वायरी, स्क्रू ड्रायव्हर हातात घेतला, तर ‘हे पोरांचं काम’ म्हणून तो काढून घेऊ नका. अडीअडचणीला अख्ख्या गावाचा निरोप तीच पोचवेल.