अडलेला फिल्टर कोणी सोडवायचा?

भोसरी एमआयडीसीतून सुटे भाग भरून चाकणला निघालेला पिकअप चढाला झटके खाऊ लागला, की जाणता चालक आधी डिझेल फिल्टरवर संशय घेतो. चोंदलेला फिल्टर बदलणं एरवी थोड्या वेळाचं काम. पण मागच्या वेळी कुणीतरी रबर रिंग कोरडीच बसवलेली असते, वर पाना लावून जीव खाऊन आवळलेलं असतं. आता हात घसरतो, बेल्टचा पाना पत्र्यावरून सटकतो. शेवटी फिटर डब्यात स्क्रूड्रायव्हर आरपार घुसवतो आणि त्याचीच मूठ करून पिळतो. कधी फिल्टर सुटतो, कधी पत्रा फाटून नुसती कडा आट्यांवर अडकून राहते.

हे काम अधिकृत सर्व्हिस सेंटरनं करावं की रस्त्याकडेच्या फिटरनं, हा वाद या पट्ट्यातल्या प्रत्येक गाडीमालकाच्या परिचयाचा आहे.

सर्व्हिस सेंटरची बाजू भक्कम आहे. 1 एप्रिल 2020पासून बीएस-6 हे प्रदूषणाचं कडक मानक लागू झालं, त्यामुळं इंजिनाच्या बिनचूकपणाला महत्त्व आलं. आजच्या डिझेल इंजिनात इंजेक्टरपाशी दाब हजार बारच्या पुढं जातो, म्हणजे टायरमधल्या हवेच्या शेकडो पट. अशा इंजेक्टरला बारीकशी कचही पुरते. नवा फिल्टर कॅनमधल्या डिझेलनं भरून बसवला, तर न गाळलेलं डिझेल थेट इंजेक्टरकडं जाऊ शकतं. डुप्लिकेट फिल्टरचा धोका वेगळाच. काही शे रुपये वाचवायला जावं आणि हजारोंचा इंजेक्टर गमवावा, असा हा व्यवहार होतो.

फिटरची बाजूही तितकीच खरी आहे. कारखान्यात माल वेळेवर पोचला नाही तर पुढची खेप हातची जाते, गाडीचा हप्ता मात्र थांबत नाही. सर्व्हिस सेंटरच्या रांगेत दिवस घालवणं एका गाडीवर घर चालवणाऱ्याला परवडत नाही. शिवाय सुटे भाग आणि तपासणीची साधनं स्वतंत्र गॅरेजांपर्यंत पोचू न देणं ग्राहकहिताचं नाही, हे स्पर्धा आयोगानं ऑगस्ट 2014मध्ये 14 मोटार कंपन्यांना सुमारे 2,545 कोटींचा दंड ठोठावताना सांगितलं. दंडाच्या रकमेवर पुढं कायदेशीर लढाया झाल्या. पण बाहेर दुरुस्ती केली म्हणून सरसकट वॉरंटी रद्द करू नये, हा त्या आदेशातला मुद्दा रास्तच होता. तो मोटारींबद्दल असला, तरी पिकअपच्या मालकालाही तोच न्याय मिळायला हवा.

आमच्या मते गाडी वॉरंटीत असेल किंवा फिल्टर बदलूनही झटके थांबत नसतील, तर सर्व्हिस सेंटर गाठावं. एरवी हे काम चांगल्या फिटरचंच आहे, पण काही अटींवर. फिल्टर ओरिजिनल आणि बिलासकट घ्यावा. रिंगला स्वच्छ डिझेलचा हात लावावा, ती टेकेपर्यंत हातानं फिरवावं आणि पुढं डब्यावर छापलंय तेवढंच आवळावं. फिल्टर हातपंपानं भरून एअर काढावी. जुन्या फिल्टरमधलं डिझेल गटारात ओतू नये. इथली गटारं पवना-इंद्रायणीकडंच जातात.

कंपन्यांनीही ही कृती मराठीत, चित्रांसह गॅरेजांपर्यंत पोचवावी. पिंपरी-चिंचवड महापालिकेची मोरवाडीची आयटीआय फिटरांसाठी संध्याकाळचे वर्ग सहज घेऊ शकेल.

फिल्टर अडतो तो बहुतेक वेळा मागच्या हाताच्या घाईमुळं. आज ओली करून बसवलेली रिंग पुढच्या वर्षी, कदाचित भर पावसात मोशीच्या रस्त्याकडेला, कुणा अनोळखी फिटरच्या हाताला सहज सुटेल. काम कुणीही करो, त्या पुढच्या माणसाची आठवण ठेवून करावं.