परदेशीं पक्षी पाहावयाचे, तर पुस्तक कोणतें?

अलीकडे वऱ्हाडांतील पुष्कळ घरांतलीं मुलें अमेरिकेंत वा इंग्लंडांत नोकरीस आहेत, आणि आईबाप धाकट्या भावंडांस घेऊन त्यांच्या भेटीस जातात. पक्ष्यांची आवड असणाऱ्या विद्यार्थ्यानें अशा प्रवासांत कोणतें पुस्तक न्यावें, हा प्रश्न वाटतो तितका क्षुल्लक नाहीं. चुकीचें पुस्तक घेतल्यास पैसा जातो आणि मुलाचा उत्साहहि मावळतो.

आमचें मत असें कीं, ज्या प्रदेशांत जावयाचें त्याच प्रदेशाचें एक पुस्तक घ्यावें. सालिम अली यांचा १९४१ सालीं निघालेला 'दि बुक ऑफ इंडियन बर्ड्स' हा ग्रंथ घरीं अवश्य असावा. परंतु तिकडे तो पुरा पडत नाहीं. 'रॉबिन' हेंच नांव घ्या. आपल्या चिरकास इंग्रजींत इंडियन रॉबिन म्हणतात. इंग्लंडांतील रॉबिन नारिंगी छातीचा व चिमणीएवढा. अमेरिकेंतील रॉबिन साळुंकीएवढा असून तो वस्तुतः कस्तुराच्या कुळांतला आहे. तेथें वसलेल्या इंग्रजांनीं तांबडी छाती पाहून त्यास मायदेशच्या पक्ष्याचें नांव दिलें. नांव एक आणि पक्षी तीन! म्हणून शास्त्रीय नांवें न देणारें पुस्तक घेऊं नये.

अमेरिकाहि एकच प्रदेश नव्हे. रॉजर टोरी पीटरसन यांनीं १९३४ सालीं पूर्वेकडील व १९४१ सालीं पश्चिमेकडील पक्ष्यांचें अशीं निरनिराळीं पुस्तकें काढलीं. न्यू जर्सीस जाणाऱ्यानें पूर्वेचें, कॅलिफोर्नियास जाणाऱ्यानें पश्चिमेचें घ्यावें. आवृत्ति मात्र नवी पाहावी. पीटरसन यांनीं चित्रांत ओळखण्याच्या खुणांकडे बाण दाखविले. छायाचित्रांत एक पक्षी एका उजेडांत दिसतो. चित्रकार नर, मादी व पिल्लूं शेजारीं शेजारीं मांडतो. नवशिक्यास तेंच उपयोगीं पडतें.

कोणी म्हणेल, मोबाईल असतां पुस्तकाचा भार कशाला? मोबाईल नांव सांगतो; तेंच नांव कां, हें पानावरील चार सारखे पक्षी ताडून पाहिल्यानें कळतें.

पालकांस विनंति इतकीच कीं, पुस्तक प्रवासापूर्वीं महिनाभर मुलाच्या हातीं द्यावें, आणि तोंवर मोर्णेच्या कांठीं त्यास पाहण्याचा सराव करूं द्यावा. जुन्या शहरांतील वळचणीची चिमणी लंडनांतहि आहे. १८५१ च्या सुमारास ती ब्रुकलिन येथें सोडण्यांत आली, तेव्हांपासून अमेरिकेंतहि आहे. जात तीच. अनोळखी पक्षी चिमणीहून मोठा कीं लहान, हा कोठेंहि पहिला प्रश्न. त्याचें माप येथूनच नेतां येतें, आणि त्यास मोल पडत नाहीं.