तिसरं कडवं

गेल्या गणपतीत धरणाकाठच्या सिद्धेश्वर गावातल्या एका मंडळाने शाहीर बोलावला होता. म्हाताऱ्याने डफ जाळावर धरून तापवला, गण म्हटला आणि तो धरणावर आला. पहिलं कडवं पूर्णा नदीवर, दुसरं कालव्यावर. तिसऱ्यात धरण उशाला असून डोक्यावर हंडा वाहणारी बाई आली, आणि माईक बंद झाला. एक कार्यकर्ता त्याच्या कानाशी वाकला. "शाहीर, देवाधर्माचं म्हना. राजकारण नको." म्हाताऱ्याने डफ मांडीवर पालथा घातला. अंगठा मात्र कड्यावर ताल धरूनच होता.

दोन दिवसांनी त्याच मंडळाच्या मिरवणुकीत पुढाऱ्याच्या वाढदिवसाचं गाणं डीजेवर कानठळ्या बसेपर्यंत वाजलं. ते यांना राजकारण वाटलं नाही! पुढाऱ्याची आरती म्हणजे करमणूक आणि हंडेवालीचं दुःख म्हणजे राजकारण, असा हा हिशेब आहे. मी त्याला लबाडी म्हणतो.

आणि 'राजकारण नको' हे सांगताय कुठे? आपल्याच तालुक्यात औंढ्याचं नागनाथाचं देऊळ आहे. नामदेवांच्या कीर्तनासाठी देऊळ फिरलं, ही कथा इथल्या पोराटोरांना पाठ आहे. नंदी मागे का, हे यात्रेकरूला आपणच हौसेने सांगतो. पण नामदेवांना देवळामागे का जावं लागलं, तिथे आपली जीभ अडते. त्यांना जातीवरून उठवलं होतं. नरसीच्या या शिंप्याने तो अपमान गिळला नाही, त्याचं पद केलं. गुरुग्रंथसाहिबात त्यांची 61 पदं आहेत, त्यात हेही आहे. म्हणजे ज्याला तुम्ही 'देवाधर्माचं' म्हणता, त्याच्या मुळाशीच तक्रार आहे. नामदेवांनाही तुम्ही तिसऱ्या कडव्यालाच थांबवलं असतं.

शाहिरांचंही तेच. अण्णाभाऊ साठे आणि अमर शेख यांच्या डफाशिवाय संयुक्त महाराष्ट्राची चळवळ मला डोळ्यांपुढे आणता येत नाही. वामनदादा कर्डकांनी गावोगाव हिंडून आंबेडकर गाण्यातून पोचवले. 11 जुलै 1997 रोजी घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात पोलिसांच्या गोळीबारात दहा माणसं गेली. शाहीर विलास घोगरे यांना ते सोसवलं नाही. काही दिवसांतच त्यांनी आपलं जीवन संपवलं. जो माणूस आतून इतका जळत होता, त्याला 'गाणं वेगळं, मत वेगळं' हे तुम्ही कोणत्या तोंडाने सांगणार होतात? 2023 मध्ये छत्रपती संभाजीनगरच्या राज मुंगासेने सत्तांतरावर रॅप केलं, तर त्याच्यावर गुन्हा दाखल झाला. डफ जाऊन बीट आला, पण सत्तेचा कान तेवढाच हळवा राहिला.

शाहिराचं मत मला पटायलाच हवं असं नाही. न पटलं तर दुसरा शाहीर उभा करा, सवालाला जवाब द्या. आपल्याकडे कलगी-तुऱ्याचे फड रात्र रात्र याच जोरावर रंगले. माईकची वायर उपटणं हा जवाब नव्हे, भेकडपणा आहे.

यंदा पोरं पावतीपुस्तक घेऊन दारात आली. मी पाचशेची नोट काढली आणि विचारलं, "त्या शाहिराला बोलवून तिसरं कडवं पुरं करणार का?" एकाने दुसऱ्याकडे पाहिलं. "काका, वर विचारावं लागंल," म्हणाला. मी नोट परत खिशात घातली.