फिर्यादी संतती

अलीकडच्या इटालियन कादंबरीवर असा आक्षेप घेतला जातो की, ज्या देशात मातेचे देव्हारे माजले होते आणि पित्याच्या शब्दास हुकुमाची प्रतिष्ठा होती, त्याच देशातील लेखक आता जन्मदात्यांविरुद्ध फिर्यादी गुदरण्यापलीकडे काही करीत नाहीत. आंद्रेआ बायानी यांच्या ज्या कादंबरीस २०२५ चे स्त्रेगा पारितोषिक मिळाले, तिचा निवेदक दहा वर्षांपूर्वी आईबापांशी संबंध तोडून गेलेला पुत्र आहे. तेव्हा आक्षेपकांस पुरावा शोधीत फार दूर जावे लागत नाही, हे मान्य. याच कादंबऱ्यांना मुक्तीचे जाहीरनामे म्हणून डोक्यावर घेणारे रसिकही वस्तुतः तीच चूक करतात, फक्त टाळ्या वाजवून. फिर्यादी आपल्या जबानीत स्वतःविषयी काय कबूल करून बसला, हे मात्र दोन्ही पक्षांनी वाचलेले दिसत नाही.

दोमेनिको स्तार्नोने यांची ‘व्हिया जेमितो’ (२०००) पाहावी. रेल्वेत नोकरी करणारा, स्वतःस थोर चित्रकार समजणारा बाप सांगतो की, त्याने बायकोवर हात उगारला तो एकदाच. आणि त्या बढाईचा पंचनामा करावयास नेपल्सच्या रस्त्यांवर निघालेल्या मुलाला पावलोपावली स्वतःच्या स्मृतीकडेही साक्षीपुरावा मागावा लागतो.

एलेना फेर्रांते यांनी तर याहून निर्दय उलटतपासणी केली आहे. त्यांच्या पहिल्या कादंबरीतील (१९९२) देलिया समुद्रात बुडून मेलेल्या आपल्या शिवणकाम करणाऱ्या आईच्या, आमालियाच्या, मृत्यूचा माग काढू लागते. संशयाचा रोख प्रथम आईच्या चारित्र्यावर आणि मग मारकुट्या बापावर जातो, परंतु सरतेशेवटी तिला आठवते ते असे की, लहानपणी आपल्यावर गुदरलेला प्रसंग आईच्या नावावर घालून बापाच्या कानी लागलेली मुलगी आपणच होतो. बापाचा जुलूम यामुळे अणुमात्र हलका होत नाही, आणि बालिकेस दोषी ठरविण्याचा मूर्खपणा फेर्रांते करीत नाहीत. पण आपण केवळ प्रेक्षक होतो, ही देलियाची समजूत मात्र टिकत नाही. पुढील एका कादंबरीतील लेदाची आई घर सोडून जाण्याच्या धमक्या देई, गेली कधीच नाही. लेदाने धमकी दिली नाही, ती दोन मुलींना टाकून गेली. अशा लेखनास मातृद्रोह म्हणणे हे आळसाचे लक्षण होय.

सार्डिनियात जन्मलेल्या मिकेला मुर्जा यांची ‘आक्काबादोरा’ (२००९) तर रक्ताचा आधारच काढून घेते. निर्धन विधवेची चौथी मुलगी मारिया ही गावच्या रूढीप्रमाणे बोनारिया या वृद्ध शिवणकाम करणाऱ्या स्त्रीच्या पदरात पडते; जन्मदात्रीचे दार बंद होत नाही आणि पोटची नसूनही बोनारिया आई ठरते. मरणोन्मुखांना मरण देणारी गावची ‘आक्काबादोरा’ ती हीच, हे कळताच मारिया तिचा धिक्कार करून तूरिनला निघून जाते. पुढे बोनारिया अंथरुणास खिळते, मरण लांबत जाते, शुश्रूषेस परतलेली मारिया तिच्या उशाशी बसते. आणि ज्या कृत्यासाठी तिने आईला दोषी ठरविले, तेच आता आपल्याकडून अपेक्षित आहे काय, या प्रश्नास उत्तर देण्याची पाळी तिच्यावर येते.