पैज असावी, पण चारचौघांत

हिवाळा लागला की रावेर-यावल तालुक्यांतील केळीच्या मळ्यांतून भरताच्या मेजवान्या झडू लागतात. बामणोदची हिरवी वांगी काट्यांच्या जाळावर भाजून, बडगीत ठेचून, केळीच्या पानावर पुरीसोबत येईपर्यंत जो तास-दीड तास रिकामा सापडतो, त्यात कोणीतरी एखादी फुशारकी मारावी, शेजाऱ्याने ती तत्काळ खोडून काढावी आणि बोलता बोलता पैज ठरावी, हा या मुलखाचा जुना शिरस्ता. काठोकाठ भरलेला पेला डोक्यावर ठेवून उकिडवे बसायचे व थेंब न सांडता उठायचे; एका पायावर उभे राहून सुईत दोरा ओवायचा; असल्या निरर्थक कसरतींसाठी पन्नाशीतले प्रतिष्ठित बागायतदारही धोतराचा सोगा खोचून सरसावतात, आणि पेला कलंडून पाणी मानेवरून पाठीत उतरले की साऱ्या मंडळींना भरताइतकीच तृप्ती लाभते.

या खेळाचे मर्म कसरतीत जितके आहे, त्याहून अधिक तिच्या आधीच्या वल्गनेत आहे. खानदेश-वऱ्हाडच्या पट्ट्यात सणासुदीला नारळ फेकण्याच्या ज्या पैजा लागतात, त्या पाहाव्यात. वेशीपासून मारुतीच्या देवळापर्यंत नारळ किती फेकांत नेणार, असा सवाल पडला की एकाने वीस म्हणावे, दुसऱ्याने अठरा, तिसऱ्याने भरीस पडून पंधरा. आणि ज्याची बोली सर्वांत कमी, त्यानेच मग दंड चोळीत पुढे व्हावे. लिलावात माणूस पैसा बोलतो. येथे तो आपली अब्रू बोलतो. हात आखडला तर दैवाला बोल लावण्याची सोय नाही, कारण आकडा दस्तुरखुद्द त्यानेच जाहीर केलेला असतो आणि पंच म्हणून अवघा गाव हजर असतो.

लग्नातील सुपारीचा खेळ याच घराण्यातला. वराची मूठ उघडून सुपारी काढण्यास वधूला बहुधा दोन्ही हातांची मुभा असते, वधूची मूठ उघडताना वराला मात्र एकाच हाताची. आणि दोन्ही पक्षांच्या करवल्या आपापल्या बाजूची अशी काही तारीफ करतात, की भालदार-चोपदारांनी लाजावे. नव्या सुनेने चारचौघांत नवऱ्याला उघडपणे हरवावे आणि सासरच्यांनी हसून टाळ्या वाजवाव्यात, असा दुसरा प्रसंग आपल्या कुटुंबव्यवस्थेने तिच्या वाट्यास फारसा येऊ दिलेला नाही.

कायद्याची दृष्टी याबाबतीत पूर्वापार समंजस राहिली आहे. 1872 च्या करार कायद्याच्या 30 व्या कलमाने पैजेचा करार निरर्थक ठरविला, म्हणजे हरलेल्याकडून रक्कम वसूल करून देण्याची जबाबदारी न्यायालयाने पत्करली नाही. आणि 1887 च्या मुंबई जुगार प्रतिबंधक कायद्याने निव्वळ कौशल्याचे खेळ आपल्या अमलाबाहेर ठेवले. पुढे मोबाइलवरील पैशांच्या खेळांनी याच सवलतीच्या आडोशाने आपला बाजार मांडला, तेव्हा 2025 च्या ऑगस्टात केंद्राला कायदा करून, खेळ कौशल्याचा असो वा नशिबाचा, पैसे लावून ऑनलाइन खेळण्याचा प्रकारच सरसकट बंद करावा लागला. तो निर्णय मला रास्त वाटतो. मोबाइलवर हरणारा एकटा हरतो. त्याला आवरणारा कोणी नसतो, चिडवणाराही नसतो, आणि तोटा किती झाला हे घरात कळते तेव्हा सातबाऱ्यावर बोजा चढलेला असतो.

नारळाच्या पैजाही हजारोंवर गेल्या की जुगारच होतात व तेथे पोलिसांनी हस्तक्षेप केल्यास तक्रारीस जागा नाही, हे मान्यच केले पाहिजे. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आपल्याकडे पुरुषमंडळी झाडाखाली पत्ते कुटीत बसतात, आणि सणाच्या नावाखाली त्या डावांना जी मूक संमती मिळते, तिने किती घरांत तंटे माजविले हे या भागात कोणास सांगावयास नको. तेव्हा माझी सूचना एवढीच, की येत्या आखाजीला पत्त्यांचा जोड कपाटातच राहू द्यावा, पोरीबाळींसह सर्वांना अंगणात बोलवावे, पेला, सुई, नारळ जे हाती लागेल ते घ्यावे आणि बढाया मात्र मनसोक्त माराव्यात. पैजेची रक्कम काय असावी असे कोणी विचारलेच, तर हरणाऱ्याने सर्वांची खरकटी भांडी घासावीत.