गोदेचा पूर आणि गावची बातमी

गंगापूर धरणातून पाणी सोडल्याची वार्ता आली की नाशिककर 'किती क्यूसेक?' असे सहसा विचारीत नाही. 'मारुतीला पाणी कुठवर लागले?' असे विचारतो. रामकुंडाजवळच्या दुतोंड्या मारुतीचे गुडघे, कंबर, छाती आणि गळा ही या शहराची पिढीजात मोजपट्टी आहे. सरकारवाड्याच्या किती पायऱ्या बुडाल्या, नारोशंकराच्या घंटेला पाणी लागले काय, हे तिचे पुढचे टप्पे. या मापनास हसण्याचे कारण नाही. एक क्यूसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट पाणी, हे ठाऊक असलेल्या सुशिक्षित गृहस्थासही, चाळीस हजार क्यूसेक सोडल्यावर आपल्या उंबरठ्याशी किती पाणी येईल, हे सांगता यावयाचे नाही. भांडीबाजारातील व्यापाऱ्यास मात्र मारुतीच्या कंबरेवरून माल केव्हा हलवावा ते कळते.

आकड्याचे उंबरठ्याशी असलेले हे नाते सांगणे, हे गावच्या वृत्तपत्राचे काम होय. ते दुसरे कोणी करीत नाही. २ ऑगस्ट २०१६ रोजी गोदावरीला मोठा पूर आला. त्याच रात्री महाडजवळ सावित्रीवरील जुना पूल कोसळून एस. टी.च्या गाड्या प्रवाशांसह वाहून गेल्या. साऱ्या राज्याचे लक्ष तिकडे वळले, आणि ते वळणे योग्यच होते. ४ ऑगस्ट २०१९ रोजी गोदा पुन्हा घाटाबाहेर आली, तो त्याच आठवड्यात कृष्णा-पंचगंगेने सांगली-कोल्हापूर बुडविले. राजधानीच्या पत्रांना एका वेळी एकच महापूर झेपतो. यात त्यांचा दोष नाही. परंतु ज्याच्या घरात चिखल शिरला, त्याची बातमी त्याच्याच गावात छापली गेली नाही तर ती कोठेच छापली जात नाही, हा याचा अर्थ आहे.

हा नियम आम्हा शहरी पत्रकारांसही लागू आहे, आणि येथेच आमचे माप उघडे पडते. रामकुंडावरचे पाणी उतरू लागले की आम्ही सुटकेचा निःश्वास टाकतो. त्याच वेळी ते पाणी निफाड तालुक्याकडे निघालेले असते. वाटेत दारणा येऊन मिळते. खाली नांदूर-मधमेश्वरचा बंधारा आहे. त्याच्या जलाशयात वर्षानुवर्षे गाळ साचला आहे, त्यामुळे पाण्याला फुगवटा येतो आणि चांदोरी-सायखेड्याच्या पेठांत व वस्त्यांत नदी शिरते. २०१६ आणि २०१९, दोन्ही वेळी हेच घडले. नाशिकच्या वाचकाने त्या गावांविषयी किती वाचले? जायकवाडीच्या साठ्यात किती टक्क्यांची भर पडली, हे मात्र रोज ठळकपणे छापले गेले. मराठवाड्याची तहान खरी आहे. परंतु वाटेत भिजलेली घरे त्या टक्केवारीत दिसत नाहीत.

छापील पत्र पाण्याच्या आधी पोहोचत नाही, हा आक्षेप आम्हास मान्य आहे. दरवाजे रात्री उघडले तर पत्र सकाळी येणार. त्या रात्री भ्रमणध्वनीवरून 'धरण फुटले' अशी आवई क्षणात गावभर होते, आणि १२ जुलै १९६१ चे पानशेत ज्या महाराष्ट्राच्या स्मरणात आहे, तो महाराष्ट्र अशा आवईवर विश्वास ठेवणारच. अशा वेळी खरे काय ते धरणावर विचारून, आपल्या नावानिशी सांगणारा वार्ताहर हवा, मग तो छापून सांगो की भ्रमणध्वनीवर. परंतु पत्राचे मोठे काम पूर ओसरल्यावरच सुरू होते. गंगापूर धरण १९६५ साली पूर्ण झाले, तरी सप्टेंबर १९६९ चा महापूर आलाच. सप्टेंबर २००८ मध्ये पुन्हा शहर बुडाले, तेव्हा पूर्वसूचना वेळेवर मिळाली नाही अशी नागरिकांची तक्रार होती. पाणी कोणत्या वेळी सोडले, सूचना कोणास व केव्हा गेली, हे तारीख-वेळेसह लिहून ठेवले नाही तर पुढच्या पुरात वाद घालावयास केवळ स्मरणे उरतात.

२००८ नंतर निळी आणि लाल अशा पूररेषा आखल्या गेल्या. सर्वसाधारणपणे पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी, शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्याची लाल. पावसाळा संपला की या रेषांचा विसर पडतो आणि नासर्डी, वाघाडी या ओढ्यांच्या काठांवर भराव पडू लागतो. कोणता भूखंड कोणत्या रेषेत येतो, हे फेब्रुवारी महिन्यात छापणे ही खरी पुराची बातमी होय. ज्या अंकात घरबांधणीच्या पानभर जाहिराती येतात, त्याच अंकात ती छापणे सोपे नाही, हेही आम्ही जाणतो.

यंदापासून एक गोष्ट तरी आपल्या हातची आहे. गंगापूरचे दरवाजे उघडतील त्या दिवशी दुतोंड्या मारुतीच्या बातमीशेजारी, तेवढ्याच टाइपात, सायखेड्याच्या पुलाखालची पातळी छापली जावी. न छापल्यास वाचकांनी आम्हास पत्र लिहून जाब विचारावा. ते पत्र आम्ही याच पृष्ठावर प्रसिद्ध करू.