धर्मराजाचे कुत्रे आणि आकाशपाळणा

महाप्रस्थानाची कथा आपण लहानपणीच ऐकतो. भावंडे आणि द्रौपदी वाटेत पडली, शेवटी धर्मराज आणि एक कुत्रे एवढेच उरले. इंद्र रथ घेऊन आला आणि म्हणाला, "तू बैस, कुत्र्याला स्वर्गात जागा नाही." धर्मराज रथात चढला नाही. सोबत आलेल्याला टाकून मिळणारा स्वर्ग त्याला नको होता. या कथेवर माना डोलावणारे आपण, आज तोच प्रश्न दारात उभा राहिला तर काय उत्तर देतो?

माझे आजोळ बडोद्याचे. सुट्टीत तेथे गेले असताना गावोगावी फिरणारा एक मेळा शहरात आला होता. मामेभावाला घेऊन मी तो पाहायला गेले. त्याला जन्मापासून दिसत नाही. पांढरी काठी घेऊन तो एकटा बसने नोकरीवर जातो. आकाशपाळण्याची दोन तिकिटे काढली, रांगेत उभे राहिलो. आमची पाळी आली तशी पाळणेवाल्याने हात आडवा धरला. "आंधळाने नथी बेसाडता. जवाबदारी कोनी?" मी शेजारी बसते म्हटले, तरी नाही. विशेष म्हणजे त्याच पाळण्याची कडी सुतळीने बांधलेली होती आणि तिच्यात दोन लहान मुले एकटीच बसली होती!

परत येताना दादा हसत म्हणाला, "अगं, पाळण्यात बसायला डोळे कशाला लागतात? डोळस माणसेसुद्धा वर गेल्यावर ते मिटूनच घेतात." मग म्हणाला, "परदेशात माझ्यासारख्याबरोबर कुत्राही असतो. तिथे काय करत असतील?"

त्या प्रश्नाने मला विचारात पाडले. अंधांना वाट दाखवणारे कुत्रे ही काही हौस नव्हे. पहिल्या महायुद्धात दृष्टी गमावलेल्या सैनिकांसाठी जर्मनीत ओल्डेनबुर्ग येथे 1916 साली अशा कुत्र्यांची शाळा निघाली. अमेरिकेत 1929 मध्ये तशीच संस्था उभी राहिली. तेथील 1990 च्या अपंगविषयक कायद्यामुळे उपाहारगृह, दुकान, करमणुकीची बाग अशा सार्वजनिक जागी प्रशिक्षित कुत्र्याला मालकाबरोबर प्रवेश मिळतो. मात्र बागेत प्रवेश म्हणजे प्रत्येक पाळण्यावर प्रवेश नव्हे. डिस्नेच्या बागांत संथ नौका, आगगाडी अशा ठिकाणी कुत्रा सोबत बसतो. वेगाने उलटसुलट फिरणाऱ्या गाड्यांवर त्याला नेत नाहीत. तेव्हा कुटुंबातील एकजण कुत्र्यापाशी थांबतो आणि पहिला उतरला की पुन्हा रांग न लावता दुसरा चढतो. काही ठिकाणी कुत्र्यासाठी पिंजऱ्याची सोय असते.

मला ही व्यवस्था योग्य वाटते. खांद्यावरून खाली येणारा दांडा माणसाच्या खांद्यासाठी बनवलेला असतो. त्याने कुत्र्याला धरून ठेवता येत नाही. शिवाय माणूस हौसेने चढतो, मुक्या जनावराला कोणी विचारलेले नसते. तेव्हा "माझा हक्क" म्हणून कुत्र्याला त्या गाडीत कोंबणे मला मान्य नाही. पण कुत्रा खाली राहिला म्हणून माणसालाही खालीच ठेवणे हे त्याहून अमान्य आहे.

कोणी म्हणेल, आपल्याकडे असे कुत्रे आहेतच किती? फार थोडे, हे खरे. भटक्या कुत्र्यांच्या भीतीने आपण पट्ट्यातल्या शहाण्या कुत्र्यालाही बिचकतो, हेही खरे. तरी आपल्या विमानांत अंध प्रवाशाबरोबर प्रशिक्षित कुत्रा नेण्याची तरतूद आहे. जे विमानात चालते, ते बागेतल्या छोट्या आगगाडीत का चालू नये? आणि मूळ मुद्दा कुत्र्याचा नाहीच, नकाराच्या कारणाचा आहे. आपल्या 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने करमणुकीत समान सहभागाचा हक्क मानला आहे. वेगळी वागणूक द्यायची तर हेतू रास्त आणि उपाय त्या हेतूच्या प्रमाणात हवा, असेही त्यात म्हटले आहे. त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने, सेरेब्रल पाल्सी असलेल्या जीजा घोष यांना 2012 मध्ये विमानातून उतरवल्याबद्दल दहा लाख रुपये भरपाई देवविली. "सुरक्षितता" हा शब्द उच्चारला की प्रश्न मिटला, असे आता म्हणता येणार नाही.

खरी सुरक्षितता कोठे ढासळते ते बडोद्याने पाहिले आहे. 18 जानेवारी 2024 रोजी हरणी तलावात सहलीची नाव उलटली. बारा शाळकरी मुले आणि दोन शिक्षिका बुडाल्या. नावेत क्षमतेपेक्षा जास्त माणसे होती आणि जीवरक्षक जाकिटे सर्वांना दिलेली नव्हती. नियम हवेत ते यंत्रासाठी: पट्टा बसतो का, कडी लागते का, मध्येच बंद पडले तर माणसाला खाली कसे आणायचे? हे प्रश्न डोळस आणि अंध दोघांनाही सारखेच लागू. जेथे ते विचारले जात नाहीत, तेथे एखाद्या अंधाला अडवून चालकाला आपण कर्तव्य केल्याचे समाधान मात्र मिळते!

सयाजीराव महाराजांनी 1879 मध्ये बडोद्यात बाग उभारली ती सर्व लोकांसाठी. 1906 मध्ये राज्यभर प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले तेही सर्वांसाठी. "सर्व" या शब्दात कोण कोण येते, याची मोजणी प्रत्येक पिढीला नव्याने करावी लागते. आपल्या स्नेहसंमेलनाच्या मंडपाला उतरण आहे का, सहलीच्या यादीतून एखाद्या मित्राचे नाव त्याला न विचारताच गाळले जाते का, येथूनच आपण ही मोजणी सुरू करू या.

पुढल्या सुट्टीत दादाला घेऊन मी पुन्हा पाळण्यापाशी जाणार आहे. या वेळी "जबाबदारी कोणाची?" असे कोणी विचारले, तर मी आधी त्याला कडीची सुतळी दाखवीन.